अस्सल, पण स्वस्तात

सिंगापूरच्या कातोंग भागात सुटीच्या संध्याकाळी पेरानाकान कुटुंबे परवडणाऱ्या हॉटेलात पारंपरिक जेवायला जमतात. आपली चिनी-मलाय संस्कृती जपण्याचा याहून सोयीचा मार्ग नाही. परंपरा हॉटेलवाल्याने पाळावी, कुटुंबाने फक्त तिचे बिल तपासावे.

'आयाम बुआ केलुआक' घ्या. कोंबडीच्या या रश्श्यातल्या काळ्या बिया कच्च्या असताना विषारी, त्यात सायनाइड. म्हणून त्या उकळून कित्येक आठवडे राखेत पुरायच्या, मग आजीने रोज पाणी बदलत भिजवायच्या, फोडायच्या, गर कोरून कुटायचा आणि पुन्हा त्याच कवचात भरायचा. हे सारे भाताच्या थाळीच्या दरात मिळावे, ही ग्राहकाची रास्त अपेक्षा. पास्त्याला तो दुप्पट मोजतो, ते वेगळे. तिथे आजी परक्याची असते.

2016 साली 'कॅण्डलनट' या पेरानाकान रेस्टॉरंटला मिशेलिन तारा मिळाला. तिथे आजीला सहसा नेत नाहीत. ती मेनूतले दर मोठ्याने वाचते.

स्वस्ताईला अजून वाव आहे. बिया निवडणाऱ्या आज्या संपल्या, की विष काढण्याचा खर्चही वाचेल. गर दिसायला तितकाच काळा राहील आणि टेबलासाठी लागणारी रांगही आपोआप आटोक्यात येईल.