सर्वानुमते तहकूब

पर्यावरणाच्या कारभारात लोकसहभाग हवा, यावर आता देशात दुमत राहिलेलं नाही. मंत्री म्हणतात हवा, साहेब म्हणतात हवा, कारखानदार तर म्हणतात हवाच हवा. प्रश्न उरतो तो एवढाच, की या सहभागाला लोक लागतात का? कायद्याने त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. लागत नाहीत.

खोटं वाटत असेल तर ग्रामसभा बघा. गणपूर्तीसाठी गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान तो पुरतो. शिरूर तालुक्यातल्या आमच्या केंदूरसारख्या वाड्यावस्त्यांच्या मोठ्या गावात शंभर माणसं म्हणजे लग्नातली एक पंगतसुद्धा नव्हे. पण गाव कुठलंही धरा (केंदूरचं नाव घेऊन मला गावात राहायचंय), शंभर काही भरत नाहीत. मग सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे लोक हवेत ती सभा होत नाही आणि होते त्या सभेला लोक नकोत. तिथे सरपंच, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, शिपाई आणि पारावरून उठायला कंटाळलेले दोन आजोबा बसतात. एक सूचक, दुसरे अनुमोदक. आयत्या वेळच्या विषयांसह सगळं सर्वानुमते मंजूर. संध्याकाळी प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी घरोघर फिरतं. शासन आपल्या दारी येतं ते असं.

जनसुनावणीचा थाट मात्र मोठा. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेने ती घालून दिली. ३० दिवस आधी नोटीस, ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी द्यावी, असंही त्यात लिहिलंय. हे वाचून माझा ऊर भरून आला. गावातून दवंडी कधीच गेली, पण भारताच्या राजपत्रात ती अजून घुमतेय. सुनावणीला अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब आणि सगळ्याचं चित्रीकरण. मूल्यांकनाचा अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. मराठीत मिळतो तो सारांश, आणि तो करतो प्रकल्पवालाच. आणि त्याच अधिसूचनेत स्पष्ट म्हटलंय, की कामकाज सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही. समोर खुर्च्या असल्या की पुरे.

तुम्ही तरीही गेलात, तावातावाने बोललात, तर तुमचा विरोध नोंदवून फाइलला जोडतात. पुढचं तज्ज्ञ समिती बघते, ती बसते दिल्लीत नाहीतर मुंबईत. तुमची संमती कुणी मागितलीच नव्हती, तुमचं मत मागितलं होतं. शिवाय मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना अधिसूचनेने सुनावणीतून सूट दिली. रांजणगावच्या वसाहतीशेजारी राहणारे शिरूरकर आणि कुरकुंभच्या वाऱ्याखाली राहणारे दौंडकर यांना बोलण्याचे कष्ट पडू नयेत, एवढाच त्यामागे हेतू असावा.

२०२०मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला. त्यात नोटिशीचे ३० दिवस कापून २० करायचे होते. मसुद्यावर देशभरातल्या लोकांचं मत मागवलं, फक्त मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितलं, की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत तो आणा. यावर सरकार भाषांतरकाराकडे न जाता सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पण लोकसहभागाचा खरा चमत्कार बघायचा तर लोक जैवविविधता नोंदवहीत. कल्पना सोन्यासारखी आहे. ती रुजवली पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी. आपल्या शिवारात काय उगवतं, काय चरतं, कुठल्या पाल्याने काय बरं होतं, हे गावानेच बसून लिहायचं. २००२च्या जैवविविधता कायद्याने त्यासाठी गावोगाव समिती सांगितली. तेव्हाच्या नियमांत ती होती अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्यांची, त्यात एक तृतीयांश तरी बाया. नियमाने काम दिलं ते हेच, की लोकांशी बोलून नोंदवही करा.

लोकांशी बोलायला वेळ लागतो. त्यामुळे २०१६पर्यंत देशभरात अशा नोंदवह्या दीड हजारांच्या आतच होत्या. मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये दम भरला. ३१ जानेवारी २०२०पर्यंत काम उरका, नाहीतर १ फेब्रुवारीपासून प्रत्येक राज्याला महिना १० लाख दंड. इतकी वर्षं न झालेला लोकसहभाग मग जो सुसाट सुटला! आज देशात अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या आहेत. इतक्या लोकांशी इतकं बोलणं इतक्या थोड्या दिवसांत झालं, की बोलणाऱ्यांना ते आठवतही नाही. तुमच्या गावाच्या समितीतली तीन नावं सांगा बघू. घाई करू नका, तुम्हीच सदस्य असाल.

यात दोष लवादाचा नाही, दंडाच्या वेगाने ज्ञान गोळा होत नाही एवढंच. आमच्या पट्ट्यात पावसाच्या पहिल्या सरीनंतर कुरडूची भाजी कोवळी कुठे मिळते, ते बांधावरच्या म्हातारीला माहीत. लांडगा कुठल्या ओढ्याने उतरतो, ते मेंढपाळाला. बिबट्या कुठल्या उसात बसलाय, ते रात्रीच्या लाइटीवर मोटार सुरू करायला गेलेल्याला, आणि ते त्याला नको असताना कळलेलं असतं. जवळच्या मोराच्या चिंचोलीत मोर जगवले ते माणसांनी, कुठल्या तक्त्याने जगवले नाहीत. ही माणसं नोंदवहीत यायची तर त्यांच्या पाठीमागे रानात हिंडावं लागतं. टेबलावर तक्ता भरायला फक्त शेजारच्या गावाची नोंदवही लागते.

नोंदवहीची कल्पना रुजवणाऱ्या गाडगीळांच्याच पश्चिम घाट समितीने २०११मध्ये अहवाल दिला, की निर्णय ग्रामसभांना विचारून करा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो अहवाल जवळपास नऊ महिने लोकांना दाखवलाच नाही. ग्रामसभेला विचारा असं सांगणारा कागद ग्रामसभेपासून जपून ठेवणं, याला उच्च दर्जाचं शासकीय कौशल्य लागतं. आपण मात्र नाउमेद व्हायचं नाही. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाने ई-शपथेची सोय केलीये. खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर शपथ घ्या, पृथ्वी वाचवा, कुशीवर वळा.

साहेब लोकांचं यावर एक लाडकं उत्तर असतं. म्हणे लोकांनाच रस नाही. त्यांनी एकदा आमच्या हरिनाम सप्ताहात यावं. केंदूर हे संत कान्हूराज महाराजांचं गाव. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नसतो, आणि रात्री दोनचा पहारासुद्धा ओस पडत नाही. त्याला नोटीस नाही, भत्ता नाही, चित्रीकरण नाही. पहारा दिला की वीणा पुढच्याच्या हातात जातो, हे देणाऱ्याला दिसतं. ग्रामसभेत मांडलेला विषय कुणाच्या हातात जातो, ते प्रोसिडिंग बुकालाही ठाऊक नसतं.

आणि पर्यावरण म्हणाल, तर तालुक्याच्या पूर्वेला घोड, कुकडी, चासकमानचे कालवे, आणि आमच्या पश्चिमेला आभाळ. वेळ नदी कधी आटते, थिटेवाडीच्या बंधाऱ्यात किती उरलंय, कुणाच्या बोअरला किती फुटांवर लागलं आणि कुणाची कोरडी गेली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ही चर्चा रोज होते, भर गणपूर्तीत, चहाच्या टपरीवर. तिचं इतिवृत्त होत नाही म्हणून ती सहभागात धरत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारला हीच चर्चा ग्रामसभेत होते. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे कडू निर्णय त्यांनी सभेतच घेतले. तिथे सभेला माणसं येतात, कारण आली नाहीत तर पाण्याचा निर्णय त्यांच्यावाचून होतो.

तेव्हा मंडळी, दोन कामं करा. पुढच्या ग्रामसभेला पहिल्याच तारखेला शंभर जण या. गणपूर्तीच्या नावाखाली मग ती तहकूब होत नाही. आणि ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही बघायला मागा. ती कपाटात असते. किल्ली भाऊसाहेबांकडे असते. आणि भाऊसाहेबांकडे बहुधा आणखी एका गावाचा चार्ज असतो, त्यामुळे आधी फोन करून जा.