गुलाबी ब्रँडीवाइनचं माहेर

अहो, जरा इकडे या ना. असं कुंपणाजवळ, त्या झुडपाच्या आडोशाला, म्हणजे कोपऱ्यावरून दिसायचं नाही. ऐकलंत का काल गणपतीच्या जेवणात काय झालं ते? तुम्ही लवकर निघालात आणि नेमकी मजा चुकवलीत हो!

त्या निळ्या गॅरेजवाल्या वहिनी. नाव नाही घेत मी. ताटभर टोमॅटोच्या चकत्या घेऊन आल्या, आणि दारात चपला काढता काढताच सुरू. "हा ब्रँडीवाइन बरं का. अस्सल हेअरलूम. आमिश लोकांनी दीडशे वर्षं बी धरलंय, आपल्याच ब्रँडीवाइन नदीकाठी." म्हणजे चेस्टर काउंटीतली ती नदी जणू यांच्याच परसातून वाहते! सगळे आपले वा वा करत चकत्या उचलतायत. मीही उचलली. खोटं कशाला बोलू, चव होती हो. गोड, मागून आंबट, आईच्या कोशिंबिरीत असायची ना तशी काहीतरी...

तर काय सांगत होते. त्यांच्या नणंदेची लेक आलीये ना सुट्टीला, ती जेनेटिक्सवाली? तिनं चकती उचलली, उलटसुलट पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मामी, हा आमिश नाहीये." अहो, वहिनींचा चेहरा! नैवेद्याच्या ताटात मीठ वाढलं गेलं म्हटल्यावर होतो ना, तस्सा. त्यांचे 'हे' लगेच मोबाइल घेऊन बाहेर. बायको अडचणीत आली की यांना नेहमी फोन येतो.

पोरगी काही थांबेना. म्हणे, ब्रँडीवाइन हे नाव आलं १८८९ साली, फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या बियाणेवाल्यांच्या कॅटलॉगातून. आमिश आजीबाईंच्या बटव्यातून नव्हे. आणि जाणकार म्हणतात तो टोमॅटोही लाल, साध्या पानाचा. हा वहिनींचा गुलाबी, बटाट्यासारख्या पानाचा, तो निराळाच. ओहायोत बेन क्विसेनबेरी म्हणून एक टोमॅटोवेडे आजोबा होते, नव्वदी ओलांडलेले. त्यांना हे बी मिळालं टेनेसीतल्या सडुथ घराण्याच्या एका बाईंकडून. त्या घरात ते ऐंशीएक वर्षं जपलेलं. आजोबांनी १९८२ मध्ये ते सीड सेव्हर्स एक्स्चेंजवाल्यांच्या हवाली केलं, आणि तिथून ते घरोघर गेलं. म्हणजे बघा, नाव पेनसिल्व्हेनियाचं आणि माहेर टेनेसीचं!

बरं, टेनेसीच्या आधी कुठे होतं? तिथंच तर गोम आहे. काहींचा संशय आहे मिकाडोवर. न्यूयॉर्कच्या पीटर हेंडरसनच्या दुकानात १८८० च्या दशकात तो विकायला होता, तोही गुलाबी, तोही बटाटपान्या. नाकीडोळी तंतोतंत. पण कागद कुणाकडे आहे हो? घरात पुडी येते, चिठ्ठी हरवते, नि सुनेला सासू जे सांगेल तेच गोत्र.

वहिनी म्हणाल्या, "गुलाबी काय आणि लाल काय, पिकण्याचा फरक." तशी पोरगी स्वयंपाकघरात गेली. तिथं माझं साराचं चाललेलं, टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलत होते. तिनं बाजारच्या लाल टोमॅटोची साल घेतली आणि वहिनींच्या गुलाबीची घेतली, दोन्ही खिडकीत उजेडाला धरल्या. लालची साल पिवळसर, गुलाबीची अगदी काचेसारखी. आतला गर दोघांचा लालच! वरून पिवळी ओढणी घेतली की लाल दिसतो, बिनरंगाची घेतली की गुलाबी. इतकी वर्षं सालं कचऱ्यात टाकतेय मी, कधी पाहिलं नाही.

आणि पानांची गंमत तर ऐकाच. ते बटाट्याचं पान म्हणे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. टोमॅटोचं फूल तसं घरातल्या घरात उरकणारं, स्वतःचंच परागण. पण या जुन्या जातींत कधी कधी फुलाची ती मधली दांडी बाहेर डोकावते, आणि मधमाशीला काय, उघडं दार दिसलं की झालं. मग पुढच्या वर्षी बटाटपान्यांच्या वाफ्यात एखादं रोप साध्या पानाचं उगवलं की समजावं... शेजारचं कुणीतरी येऊन गेलेलं आहे! मी पदरात तोंड लपवून हसले. वहिनी अजिबात हसल्या नाहीत.

तेवढ्यात जळगावच्या आजी, आल्यायत ना मुलाकडे सहा महिन्यांसाठी, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे याला भेदरं म्हणायचे. आणि माझी सासू बेलवांगं म्हणायची." खरंच की. आपण त्याला वांग्याच्या घरात घातलं, आणि आहेही वांग्याच्याच कुळातला. रानटी पूर्वज अँडीजच्या डोंगरातले, घरंदाज झाला मेक्सिकोत, गलबतात बसून आला युरोपात, आणि आता आपलं त्याच्यावाचून सार होत नाही. खुद्द टोमॅटोच जगभर पाहुणा. त्याच्या पोटजातींचं मूळ गाव कुठलं आणि काय!

तर काय सांगत होते... हं, चेरोकी पर्पल. तुमच्या वाफ्यात आहे ना तो काळपट? त्याचं तर नावच ठेवलेलं आहे. क्रेग लहूलियर म्हणून एक केमिस्ट, त्यांना १९९० मध्ये टपालानं बी आलं टेनेसीहून. सोबत पत्र, की हे शेजाऱ्याकडून मिळालं, आणि शेजारी सांगतो की शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांनी दिलेलं. एवढ्या ऐकीव गोष्टीवर लहूलियरांनी बारसं केलं. बियाणेवाल्या मित्राला पाठवलं, तर तो म्हणाला चव झकास, पण पायावर काळंनिळं पडल्यासारखं दिसतं, घेणार कोण? आता बघा, बाजारात सगळ्यात आधी तोच संपतो. रंगाचं कारणही साधंच, पिकताना हिरवा निघूनच जात नाही, त्यावर लाल चढतो.

आणि त्या मॉर्गेज लिफ्टरला तर दोन बाप! वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगनला रेडिएटर चार्ली, घाटाच्या पायथ्याशी दुकान, तापलेले ट्रक दुरुस्त करायचा. त्यानं मोठमोठ्या जाती एकमेकींत मिसळून हा टोमॅटो केला, एक रोप एक डॉलरला विकलं आणि सहा वर्षांत घराचं सहा हजार डॉलरांचं कर्ज फेडलं. झालं? नाही. त्याच राज्यात बार्बर्सव्हिलला एस्टलर म्हणून दुसरे, त्यांच्याकडेही मॉर्गेज लिफ्टर, तोही जुनाच! कर्ज कुणाचं फिटलं, टोमॅटो कुणाचा... आमचे हे म्हणाले, आपलं कुठला टोमॅटो फेडतो ते सांगा.

सगळं ऐकून वहिनी शेवटी बोलल्या. ताठ मानेनं. "पण मला एक सांग, गोष्ट खोटी म्हणून चव उतरली का? आणि गोष्ट नसती, तर ऐंशी वर्षं ते बी धरलं कुणी असतं?" पोरगी गप्प. खरं सांगते, मला पहिल्यांदा त्या वहिनी आवडल्या.

म्हणून तुम्हाला सांगते हं, कुठे बोलू नका. तो चर्चच्या विक्रीतला 'इंडियन ग्रँडमदर' टोमॅटो आठवतो? मे महिन्यात पाटी होती बघा, भारतातला, फार जुना, चार डॉलर. तो माझा. म्हणजे माझ्या कंपोस्टच्या ढिगात आपसूक उगवलेला, बहुतेक दुकानातल्या टोमॅटोच्या बियांतून. पलीकडच्या आजीबाईंनी विचारलं, कुठून आणलंत? मी म्हटलं, 'फ्रॉम होम.' घरचाच आहे, एवढंच म्हणायचं होतं हो मला! त्यांनी ऐकलं भारत. आणि मी... मी नाही दुरुस्त केलं.

चार डॉलर देऊन ते रोप कुणी नेलं माहितीये? निळ्या गॅरेजनं. काल जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या गणपतीला आपल्या मातीतला आणते."

तुम्हाला हवंय का? बी धरलंय मी.