काकूंच्या नातवाची ट्यून शुक्रवारी निघते

"बाई, आयकलं का वो? आमच्या पोट्ट्याची ट्यून निंगून राह्यली या शुक्रवारी!"

आमच्या आळीत बातमी आधी काकूंकडे येते आणि मग ज्याच्या घरची असेल त्याच्याकडे जाते. ही तर त्यांच्या स्वतःच्याच घरची, म्हणून आवाज पार रस्त्यापर्यंत. आमच्या दोन अंगणांच्या मधे तुराट्यांचं कुंपण आहे आणि त्यावर काकूंचा वालाचा वेल. शेंगा माझ्या बाजूनं लोंबतात, त्या तोडायला काकू रोज येतात आणि पाऊण तास जात नाहीत.

"ट्यून म्हणजे? गायला लागला का तो पुण्यात?"

"गाते कायले वो! त्याच्यात शब्दच नाईत. नुसतं धप धप धप धप. लॅपटॉपवर करते. म्या म्हटलं, बाप्पा, इतके पैशे भरले इंजिनियरिंगले अन् तू हे करून राह्यला? तं म्हनते, आजी, मिनिटाले एकशे चोवीस ठोके पडतात याच्यात. म्या म्हटलं, तेवढे तं माह्या छातीत पडतात, तुह्या बापानं फीचे पैशे मांगितले का!"

"मग काढतं कोण ही ट्यून?"

"मुंबईचं लेबल हाये म्हनते एक. दोन पोट्टे चालवतात. हापिस नाई, गिपिस नाई. एका खोलीतून चालते सारं. आता मले सांग, अशा लोकाईवर भरोसा ठेवाव का?"

एवढ्यात ओसरीवरून काका बोलले. काकांचं बसस्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचे, काका साठची भरू का नव्वदची एवढंच विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट तयार. दुकान केव्हाच मिटलं, पण संगीताच्या व्यापाराचा विषय निघाला की काका अजून गल्ल्यावर बसल्यासारखे बोलतात.

"लहान लेबल म्हनून नाक मुरडू नका," काका म्हणाले. "मोठ्या कंपनीनं काय दिवे लावले ते मले माहीत हाये. चरनजितसिंगाचं आयकलं का तुम्ही?"

आम्ही दोघींनी नाही म्हटलं. काकांना तेच हवं होतं.

चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेमा-संगीतातले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात वाजवलेले. बास गिटार वाजवायचे, पुढं सिंथेसायझरही. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं त्यांनी मिळवली. ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालाचं यंत्र आणि टीबी-303 ही बटणांची चंदेरी पेटी. या तिघांना एकमेकांशी जोडून त्यांनी 1982 साली एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, आणि सगळ्यांच्या खाली एकसारखा डिस्कोचा ठोका. गायक नाही, तबला नाही.

"मेघमल्हारबी हाये त्याच्यात?" काकू म्हणाल्या. "मिरगात लावून पाहाव लागते आपल्याकडं."

"खपली का मग?" मी विचारलं.

"कुठची खपते! बाई, मी दुकानदार मानूस हावो. माह्याकडं आली असती तं मीबी वापस धाडली असती. रागवाल्याले डिस्को नको, डिस्कोवाल्याले राग नको. ठेवू कोनत्या फळीवर? कंपनीनंबी तेच केलं. निंगाली अन् गेली."

यातली मौज अशी, की ती चंदेरी पेटी मुळात एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्यासाठी बनवलेली होती. बास वाजवणारा जोडीदार नसेल तर पेटीनं वाजवावं. पण बासचा आवाज तिला काही केल्या जमेना. 1984 पर्यंत रोलँडनं ती बनवणं बंद केलं आणि जुन्या मालाच्या दुकानात ती पडेल भावात मिळू लागली. शिकागोतल्या पोरांनी ती तशीच उचलली आणि वाजत असताना तिची बटणं पिळायला सुरुवात केली. बटण पिळलं की सूर किंचाळतो, पुन्हा मऊ होतो, पुन्हा किंचाळतो. 1987 साली 'फ्यूचर' नावाच्या तिघांची 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी ट्रॅक्स रेकॉर्ड्स या शिकागोच्या लेबलनं काढली आणि त्या आवाजाला 'अॅसिड हाऊस' म्हणू लागले. पुढं तेच वारं युरोपात गेलं. चरणजित सिंगांनी तीच पेटी मुंबईत पाच वर्षं आधी भैरवात वाजवून ठेवलेली होती, आणि शिकागोला त्याची गंधवार्ता नव्हती.

"मंग समजलं कसं?"

"एक डच मानूस दिल्लीत जुन्या तबकड्या हुडकत फिरत व्हता, 2002 साली. एदो बाउमन त्याचं नाव. त्याले सापडली. त्यानं मुंबईत येऊन चरनजितसिंगाले गाठलं. बॉम्बे कनेक्शन नावाचं त्याचं एवढंसं लेबल. 2010 साली त्यानं तीच तबकडी पुन्यांदा काढली, अन् साऱ्या जगात बोंबाबोंब झाली! सत्तरी पार केल्यावर त्या मानसाले परदेशातून वाजवाले बलावनी आली. 2015 च्या जुलैत गेला बिचारा."

"म्हंजे अठ्ठावीस वर्सं कंपनीच्या कपाटात अन् एवढ्याशा लेबलनं बाहेर काढली." काकूंनी शेंगा तोडायच्या थांबवल्या. "मंग आमच्या पोट्ट्याचं बरं हाये म्हना की. पन शुक्रवारच काऊन? मुहूर्त पाह्यला का त्यानं? वार चांगलाच हाये म्हना, देवीचा हाये. टेकडीवर जाऊन रेनुकामातेले नारय फोडून येतो मी."

नारळ फोडायला हरकत नाही, पण शुक्रवार त्याच्या हातातला नाही. पूर्वी अमेरिकेत नवी गाणी मंगळवारी निघायची, इंग्लंडात सोमवारी. एका देशात निघालेलं दुसऱ्या देशात चोरून पोचायचं. म्हणून 10 जुलै 2015 पासून जगभर शुक्रवार ठरला. आता लंडनची मोठी कंपनी आणि मुंबईतली एक खोली, दोघांचा माल एकाच दिवशी बाजारात.

त्या आधीचे दीड-दोन महिने लेबलवाले काय करतात, हे नातवानं मला दिवाळीत ओसरीवर बसून दाखवलं होतं. लॅपटॉपवर सुरांच्या रंगीत पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या. एका पट्टीवर त्यानं आपल्या गावातल्या संदलाचा ढोल फोनवर रेकॉर्ड करून घातलेला. तो त्यानं मला एकटा ऐकवला, मग त्याखाली बास घालून ऐकवला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. तर अशी ट्यून झाली की लेबलवाला आधी ती दहादा ऐकतो आणि मधली दोन मिनिटं कापायला लावतो. मग मास्टरिंग, म्हणजे ती फोनवरही नीट वाजावी आणि मोठ्या भिंतीएवढ्या स्पीकरवरही फुटू नये अशी आवाजाची मशागत. मग चित्र. मग निवडक डीजेंना आधी गुपचूप फाइल पाठवायची, म्हणजे ट्यून बाजारात येण्याआधी चार ठिकाणी वाजलेली असते. आणि आयएसआरसी. बारा अक्षर-अंकांचा हा क्रमांक म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा सातबाराच समजा. जगात कुठंही वाजलं तरी कोणाचं शेत ते त्यावरून कळतं.

"अन् पैशे? मुद्द्याचं बोल ना वो बाई!"

मुद्दा किरकोळ आहे. फुकट ऐकायच्या अॅपवर हजारदा वाजलं तरी हाती चहापाण्याचेही पैसे येत नाहीत. लहान लेबलांचा जीव बँडकॅम्पसारख्या दुकानात असतो, तिथं ऐकणारा ट्यून चक्क विकत घेतो. दुकान शंभरातले पंधरा कापतं. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनानं सगळे जलसे बंद पाडले तेव्हा त्यांनी काही शुक्रवारी हे पंधराही सोडायला सुरुवात केली. उरलेलं लेबल आणि कलाकार बहुतेक निम्मेनिम्म वाटून घेतात.

काकूंनी शेंगांची ओंजळ पदरात टाकली आणि बोटांवर हिशेब केला. "पंचाऐंशीचे निम्मे साडेबेचाळीस. बँकवाल्याईचं वेगयं जात असन. अन् खर्च आधी कापत असतीन."

"हो, बहुधा आधी खर्च, मग वाटणी."

"मंग नातसून पाहाले घाई करत नाई मी."

काका हसले. मग काकूंनी तोफ त्यांच्याकडेच वळवली. "तुमच्या दुकानात काय व्हत व्हतं वो? गानं लताबाईचं, कॅसेट सोनीची, अन् पैशे आमच्या गल्ल्यात!"

काका एकदम खाटेखालच्या चपला शोधू लागले.

पण काकूंनी नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलं होतं, आणि ते फक्त काकांचं दुखणं नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला राजराजेश्वराची कावड असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर येतं आणि त्या सुमाराला साऱ्या जिल्ह्यातली डीजे पोट्टी रात्र-रात्र जागून नवे मिक्स करतात. मी ते दारातून ऐकते, ऐकावंच लागतं, तावदानं वाजतात. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आणि रात्री दहानंतर भोंगे बंद, हा नियम 2000 सालापासूनचा आहे, त्याची आठवण मी वरातवाल्यांना दरवर्षी करून देते आणि दरवर्षी 'हो मॅडम' ऐकते. तरी कबूल करायला हवं, की त्या मिक्समधलं डफडं, हलगी, मधेच ताल तोडून पुन्हा पाडलेला बास, ही खरी कारागिरी आहे आणि ती त्या पोरांची स्वतःची आहे. वर मात्र कोणत्या तरी कंपनीचं सिनेमाचं गाणं. म्हणून तो माल विकता येत नाही, त्याचा क्रमांक निघत नाही. मग आपलं नाव राहावं म्हणून दर अर्ध्या मिनिटाला गाण्यातच ओरडायचं, 'डीजे अमुक, अकोला!' दुसऱ्याच्या गाण्यावर स्वतःची सही. मिक्स पुढं यवतमाळला पोचतो तेव्हा तिथला पोट्टा ती सही पुसतो आणि आपली मारतो.

न्यूक्लिया या नावानं वाजवणाऱ्या उद्यान सागरनं हाच रस्त्यावरचा आवाज घेतला, पण ट्यून स्वतःची केली. 2013 साली 'कूचा मॉन्स्टर', 2015 च्या गणपतीत मुंबईत 'बास रानी'. वरातीतला बास तोच, पण कागदावर नाव त्याचं.

"आमचा तं अंजुनाचं नाव घेते सारखं," काकू म्हणाल्या. "तिथलं लेबल म्हनते लय मोठं हाये. गोव्याले जातो म्हनते."

"गोव्याले जाऊन काय करन थो?" काका चपला सापडल्यावर परत आले होते. "ते लेबल लंडनले हाये."

हे खरंच आहे. जोनो ग्रँट आणि पावो सिल्यामाकी या दोन विद्यार्थ्यांनी 2000 साली लंडनमध्ये 'अंजुनाबीट्स' काढलं, नाव तेवढं गोव्याच्या किनाऱ्याचं. पुढं 2005 मध्ये त्याला 'अंजुनाडीप' ही धाकटी शाखा फुटली. आज जगभर लोक स्वतःला अंजुनाचे म्हणवतात, ज्यांनी अंजुणेचा बुधवारचा बाजार कधी बघितलेला नाही. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकापासून अंजुणेच्या किनाऱ्यावर रात्रभर नाच चालायचा. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल तिथं म्हातारा होईपर्यंत वाजवत राहिला, 2023 मध्ये गेला. त्या उन्हात तबकड्या वाकायच्या म्हणून हे लोक डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे. या संगीताला 'गोवा ट्रान्स' नाव पडलं, पण नव्वदीत ते छापणारी ड्रॅगनफ्लाय आणि टिप ही लेबलं लंडनचीच. नाच आपल्या वाळूत झाला, वही लंडनला लिहिली गेली. चरणजित सिंगांचंही तेच. रेकॉर्डिंग मुंबईचं, एचएमव्हीचं, आणि त्याची किंमत कळली डच माणसाला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडं वाजवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. कमी आहे ती नोंद ठेवणाऱ्यांची. एका खोलीत बसून करार लिहिणारी, क्रमांक काढणारी, चार पैसे आले तर चारच आले असं कलाकाराला कळवणारी ती मुंबईची दोन पोरं मला एखाद्या मोठ्या रंगमंचापेक्षा मोलाची वाटतात. असं एखादं लेबल अकोल्यात निघालं तर डफड्याची आणि संदलाची बेसुमार दौलत आहे इथं, सिनेमाच्या गाण्याला हात लावायची गरज पडणार नाही.

"पन भरोसा?" काकू मूळ मुद्द्यावर आल्या. "उद्या ट्यून चालली अन् ते पोट्टे म्हनले, सारी आमची, तं?"

"करारावर सही केली का त्यानं?"

"केली म्हनते. फोनवरच. वाचला का म्हटलं, तं म्हनते, चौदा पानं होते आजी."

काका गल्ल्यावरच्या आवाजात म्हणाले, "लाव त्याले फोन. आत्ताच्या आत्ता."

नातवाला फोन लागला, चौदा पानं व्हॉट्सअॅपवर आली, चष्मे निघाले. मुदतीचा रकाना कोराच होता. यात घाबरण्यासारखं नव्हतं, कारण कॉपीराइट कायद्याचं कलम 19 अशा वेळी कलाकाराच्या बाजूनं उभं राहतं. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. तरी काकांनी नातवाला तो रकाना भरून घ्यायला लावला, आणि मुंबईच्या पोरांनी कुरकुर न करता तासाभरात भरून पाठवला, तीन वर्षं.

ज्यांच्या घरी असा धप धप करणारा पोट्टा किंवा पोट्टी असेल, त्यांनी आवाज कमी कर म्हणून ओरडायच्या आधी त्याला एवढं एक कलम वाचायला लावावं.