प्रमाणपत्र हमखास मिळवून देणारी समाजसेवा: विधी शाखेच्या नवागतांसाठी

विधी महाविद्यालयात नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने गोरगरिबांची मोफत सेवा कशी करावी, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. सेवेचे फळ म्हणजे प्रमाणपत्र, एवढे पक्के केले की बाकीचे सगळे मार्गी लागते. क्षेत्र म्हणून जुन्नर-आंबेगाव उत्तम. पुण्याहून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी येता येते. मात्र शिबिर मंचरला, पुणे-नाशिक रस्त्यालगत घ्यावे. आहुपे किंवा हातवीजच्या वाटेला जाऊ नये. पश्चिमेच्या त्या डोंगरी पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात आणि त्यांच्याकडे खरीखुरी कामे निघतात. जाणे टळतच नसेल, तर भातलावणीच्या दिवसांत सकाळी अकराला जावे. माणसे खाचरात असतात, त्यामुळे शंकासमाधानाचा वेळ वाचतो आणि फोटोत फलक पूर्ण दिसतो.

भाषणाचा विषय जितका उदात्त, तितका सुरक्षित. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३९-अ या अनुच्छेदावर अर्धा तास सहज निघतो. मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य आहे, असे गंभीर आवाजात सांगावे आणि तिथेच थांबावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या बाराव्या कलमापर्यंत जाऊ नये. त्या कलमानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. म्हणजे पश्चिम पट्ट्यातल्या सभेत समोर बसलेले जवळजवळ सगळेच पात्र ठरतात. हे त्यांना कळले, तर एखादी बाई उठून अर्ज कुठे द्यायचा म्हणून विचारील, आणि मग तालुका विधी सेवा समिती कुठे बसते हे वक्त्याला ठाऊक असावे लागेल.

त्याहून धोक्याचा विषय वनहक्काचा. २००६ च्या कायद्यानुसार आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. पुरावा सरकारी कागदाचाच हवा असे नाही. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन चालते. जुने घर, विहीर, बांध अशा खुणाही चालतात. फक्त एकाहून अधिक पुरावे लागतात. पंचाईत इथेच आहे. आजोबांसमोर बसून त्यांचे म्हणणे सुवाच्य अक्षरात उतरवणे, ते वाचून दाखवणे आणि अर्ज दिल्यावर पोच मागणे या कामांना पहिल्या वर्षाचाच काय, कोणत्याच वर्षाचा अभ्यासक्रम लागत नाही. आपण उपयोगी पडू शकतो हे विद्यार्थ्याला एकदा समजले, की भाषणातला त्याचा रस संपतो.

यावर एक जबाबदार आक्षेप येईल: सनद नसताना वकिली केली तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आक्षेप बिनतोड आहे, त्यामुळे तो सतत वापरावा. न्यायालयात उभे राहून बाजू मांडणे आणि म्हातारीचा अर्ज लिहून देणे यांत फरक आहे, हे कोणी दाखवून दिले तर विषय बदलावा. दुसरा आक्षेप असा, की कच्चा विद्यार्थी चुकीचा सल्ला देईल. हेही खरे. त्यावर ‘सल्ला वकील देईल, तू फक्त कागद नीट कर आणि माणसाला वकिलापर्यंत पोचव’ असा सरळ उपाय सुचवला जातो. पण त्या उपायात व्यासपीठ नाही, हार नाही, म्हणून तो विचारात घेऊ नये.

सर्वांत भक्कम आधार मात्र खुद्द नियमांनी दिला आहे. वनहक्काच्या दाव्यात ग्रामसभेचा ठराव विरोधात गेला तर उपविभागीय समितीकडे, आणि तिथेही नकार आला तर जिल्हा समितीकडे जायला प्रत्येकी साठ दिवसांची मुदत असते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवडे इंटर्नशिप सांगितली आहे. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. म्हणजे दाव्याची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी सेवकाची सेवा संपते. काही उपद्रवी मंडळी म्हणतात, की विद्यार्थी बदलला तरी फाइल बदलत नाही. महाविद्यालयाने गावनिहाय नोंदवही ठेवावी, कुठला कागद कुठे अडला ते तारखेसह लिहावे, पुढच्या तुकडीने तिथून काम उचलावे आणि शिबिरे किती झाली यापेक्षा किती अर्ज पुढे सरकले ते मोजावे. ही सूचना अमलात आली तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही खरोखर कामाचा ठरेल, आणि या मार्गदर्शिकेची गरज उरणार नाही. तेव्हा बैठकीत असा प्रस्ताव येताच हात वर करून एवढेच विचारावे: तीन तुकड्यांनी मिळून एक दावा तडीस नेला, तर प्रमाणपत्रावर नाव कोणाचे? बैठक तेवढ्या प्रश्नावर खात्रीने तहकूब होते.