को जागर्ति?

यंदाच्या कोजागिरीला रात्री दोन वाजता गच्ची रिकामी झाली होती, चंद्र पाण्याच्या टाकीमागे गेला होता आणि मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला कपाळ टेकून उभी होते. लक्ष्मीने त्या घटकेला ‘को जागर्ति?’ विचारलं असतं तर मी हात वर केला असता. निदान डावा तरी. उजव्या फऱ्यात कुणीतरी पाचर ठोकत होतं आणि तिचं दुसरं टोक बरगड्यांखाली निघत होतं. गुन्हा मसाला दुधाचा. म्हशीचं दूध, आटवून निम्मं केलेलं, वर चारोळी. तीन पेले.

“पित्त झालंय तुला,” आत्या पांघरुणातूनच म्हणाली.

आमच्या घरात आजवर दुसरं निदान झालेलं नाही. डोकं दुखलं, पित्त. रिकाम्या पोटी चहा घेतला, आता बघ पित्त होतंय. अंगावर गांधी आल्या तर पित्त उठलं, चोळा आमसुलाचं पाणी. काका ओरडले तर त्यांचं पित्त खवळलं. त्यांना मात्र काही चोळायची कुणाची हिंमत नव्हती. आत्याच्या बटव्यात सूतशेखर आणि आवळासुपारी कायम असते. त्या रात्री मला दोन्ही मिळालं. पाचर पहाटे आपोआप निघाली आणि श्रेय सूतशेखराला गेलं.

दोन दिवसांनी सोनोग्राफी केली. रिपोर्टवर लिहिलं होतं, कोलेलिथियासिस. “पित्ताशयात खडे आहेत,” सर्जन म्हणाले.

“मी म्हटलं नव्हतं?” आत्या खुर्चीतून निम्मी उठली.

सर्जन वयाने लहान होते, त्यामुळे तिला दुरुस्त करायला गेले. “आजी, तुम्ही ज्याला पित्त म्हणता ना, ते जठरातलं आम्ल. जळजळ त्याची. खरं पित्त यकृतात तयार होतं, आणि ते उलट थोडं अल्कधर्मी असतं.”

म्हणजे जळजळ करायची आम्लाने आणि नाव जायचं पित्ताचं. गरीब बिचारं! रोज जवळजवळ लिटरभर तयार व्हायचं, आपण खाल्लेल्या तुपातेलाचे बारीक थेंब करून द्यायचे, आणि वर ऐंशी वर्षं आत्याच्या शिव्या खायच्या.

रिपोर्ट घेऊन घरी आले आणि शब्दांच्या मागे लागले. हे सगळं खानदानच ‘को’चं. पिशवी सुजली की कोलेसिस्टायटिस, खडा मोठ्या नळीत अडकला की कोलेडोकोलिथियासिस, पित्ताचा प्रवाह तुंबला की कोलेस्टॅसिस, आणि पिशवी काढून टाकली की कोलेसिस्टेक्टमी. मूळ शब्द ग्रीक, ‘खोले’ म्हणजे पित्त. ग्रीकांनीही त्याला कशाकशाला जुंपलं होतं! तापट माणूस पिवळ्या पित्ताचा, उदास माणूस काळ्या पित्ताचा. मेलँकोली म्हणजे शब्दशः काळं पित्तच. थोडक्यात, ग्रीकांच्या घरीही एक आत्या होती.

खरा धक्का पुढेच बसला. कोलेस्टेरॉलसुद्धा याच घराण्यातलं. खोले अधिक स्टिरिऑस, म्हणजे घट्ट झालेलं पित्त. अठराव्या शतकात ते पहिल्यांदा सापडलं तेच मुळी पित्ताच्या खड्यांत. पुढे शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं. हा गृहस्थ १७८६ मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये गेला. कोलेस्टेरॉलचं नाव ठेवणारा माणूस १०२ वर्षं जगला हे ऐकून आत्या म्हणाली, “तूप खात असणार.” आणि आमच्या शेंगदाणा तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल-फ्री’! वनस्पतीच्या तेलात ते नावालाही नसतं. दुधी भोपळ्यावर ‘यात माशाचे काटे नाहीत’ असं छापण्यापैकीच हे.

दुधीवरून आठवलं. सर्जननी विचारलं होतं, “मध्यंतरी वजन झपाट्याने कमी केलं होतं का?” केलं होतं ना. भाचीच्या लग्नात जुनं पैठणीचं ब्लाउज बसावं म्हणून दोन महिने उकडलेला दुधी आणि काकडी. नऊ किलो गेले, ब्लाउज बसलं, फोटोही निघाले. तुपाचा थेंब शिवला नव्हता याचा मला कोण अभिमान! तर म्हणे इथेच फसले. जेवणातली चरबी लहान आतड्याशी पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचा संदेश सुटतो आणि पित्ताशय पिळलं जातं. चरबीच नाही तर पिळणार कोण? पित्त तिथेच बसून दाट झालं. त्यात वितळणाऱ्या माझ्या नऊ किलोंतलं कोलेस्टेरॉल यकृत त्याच पित्तात ओतत होतं, कारण शरीराला ते बाहेर काढायची मुख्य वाट तीच. पाकात साखर जास्त झाली की कडेला कशी खडीसाखर धरते? तसे माझे खडे धरले. मग कोजागिरीला तीन पेले दूध पोटात गेलं, संदेश सुटला, उपाशी पिशवीने कचकन पिळा मारला आणि एक खडा दारातच आडवा बसला.

“तुपाशी वैर धरलंस,” आत्या म्हणाली. विज्ञान तिच्या बाजूने बोलतंय हे मी तिला सांगितलं नाही.

पित्ताशय काढायचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुखने १८८२ मध्ये बर्लिनमध्ये केलं. आईच्या वेळी पोटावर वीतभर टाके पडले होते. १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडियांनी मुंबईत ते दुर्बिणीने करून दाखवलं, भारतात पहिल्यांदा. म्हणून मी चार भोकांत सुटले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले.

आत्याची चिंता वेगळीच होती. “टाकी काढली, आता पित्त कुठून येणार?” म्हटलं, टाकी काढली तरी झरा चालू आहे, यकृतातून थेट आतड्यात, थेंब थेंब, चोवीस तास. “आपल्या सोसायटीत नाही ते तुझ्या पोटात आलं तर,” ती म्हणाली.

खडे मला छोट्या बाटलीत घालून दिले होते. सात. पिवळट, गुळगुळीत. आत्याने बाटली उजेडात धरून निरखली, हलवून वाजवली. गायीच्या पित्ताशयात असाच खडा सापडतो, त्याला गोरोचन म्हणतात; आम्हाला लहानपणी ती ते उगाळून चाटवायची. भावही चांगला येतो म्हणे.

“गाय असतीस,” सुस्कारा टाकून आत्या म्हणाली, “तर ऑपरेशनचे पैसे वसूल झाले असते.”