अक्षरी रुपये शंभर फक्त

युद्धाच्या पुरवणी मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, अशी सूचना विरोधी पक्षाने मांडली आणि सभागृह हादरलं. 'हादरलं' हे क्रियापद माझं नव्हे, विरोधी पक्षाच्या प्रसिद्धिपत्रकातलं आहे. मागणीच्या आकड्यावर शून्यं इतकी होती की वाचणाऱ्या मंत्र्याला मध्ये एकदा पाणी प्यावं लागलं. त्या आकड्याला शेपटीकडून धरून, तिसऱ्या घरातला एक काढून घ्यावा, असा हा कडाडून विरोध.

देश कुठला ते विचारू नका. नाव सांगितलं की बाकीच्या देशांतले विरोधक आपण सुटलो म्हणून निवांत होतील. जिथे तोफा आहेत, निवडणुका आहेत आणि सभागृहाबाहेर कॅमेरे आहेत, असा कुठलाही देश धरून चाला. शंभराचा हा आकडा आपल्याकडच्या संसदीय नियमांत आहे म्हणून हिशेब रुपयात करतो. इतरांनी आपापल्या चलनात करून घ्यावा.

आता काही जाणकार लगेच सांगतील की अहो, ते लाक्षणिक असतं. मान्य. आपल्या नियमांत कपात सूचनांचे तीन प्रकार आहेत. सरकारचं धोरणच मान्य नसेल तर संपूर्ण मागणी एक रुपयावर आणा, अशी सूचना द्यायची. खर्च जास्त वाटत असेल तर अमुक इतकी रक्कम कमी करा, असं म्हणायचं. आणि ज्यांना धोरणाबद्दल काही म्हणायचं नाही, खर्चाबद्दलही नाही, फक्त एखादी विशिष्ट तक्रार कानावर घालायची आहे, त्यांच्यासाठी ही शंभर रुपयांची सांकेतिक कपात. म्हणजे युद्धच नको असं म्हणणाऱ्यासाठी पहिला प्रकार नियमात तयार होता. त्याला एक रुपया म्हणायचं होतं. तो शंभर म्हणाला. निव्वळ नव्व्याण्णव रुपयांचा फरक, पण त्या नव्व्याण्णव रुपयांत अख्खं युद्ध मावतं.

तक्रार कोणती होती, तेही बघा. सूचनेखाली एका ओळीत कारण लिहावं लागतं. त्या ओळीत माणसं मरताहेत असं नव्हतं, युद्ध चुकीचं आहे असंही नव्हतं. ओळ होती: 'युद्धाबाबत विरोधी पक्षांना विश्वासात न घेतल्याकडे लक्ष वेधण्यासाठी.' घेतलं असतं, तर? सकाळी साडेसातला फोन करून 'साहेब, नऊ वाजता बॉम्ब टाकतोय, आपल्या कानावर असावं' एवढं कुणी म्हटलं असतं, तर हे शंभर रुपयेही वाचले असते.

पण मी या शंभर रुपयांत अडकलोय. समजा, चुकून सूचना मंजूर झाली असती. मग अंमलबजावणी आली. संरक्षण खात्यात सकाळी अकराला तातडीची बैठक. विषय: शंभर रुपये कुठून कमी करायचे. एक सहसचिव म्हणणार, क्षेपणास्त्रातला एखादा स्क्रू कमी करू. तंत्रज्ञ म्हणणार, शंभराचा स्क्रू त्यात नाहीच, सगळ्यात स्वस्त वॉशर चार हजारांचं आहे आणि तेही परदेशातून येतं. मग कुणी म्हणणार, रणगाड्यांच्या इंधनात बघा. बघितलं तर शंभर रुपयांत मुंबईत एक लिटर पेट्रोलही येत नाही. त्या थेंबात रणगाडा स्वतःच्या सावलीतून बाहेर पडणार नाही, म्हणजे तेवढ्यापुरतं युद्ध थांबलं असं म्हणता येईल का, यावर विधी विभागाचं मत मागवणार. विधी विभाग विचारणार, शंभर रुपये जीएसटी धरून की वगळून? फाइल वित्त विभागाकडे. वित्त विभागाचा शेरा: 'चर्चा करावी.' चर्चेसाठी बैठक, बैठकीला चहा, चहाबरोबर खारी, आणि त्या एका चर्चेचं बिल एकशे ऐंशी रुपये. शेवटी कुणीतरी हुशार अवर सचिव तोडगा काढणार की युद्धकक्षातल्या बैठकीत एक दिवस खारी बंद ठेवावी. आणि मग त्या दिवशी, जगाच्या इतिहासात प्रथमच, नकाशावर काठी फिरवणारे सेनापती कोरड्या चहावर शहर निवडतील आणि विरोधी पक्षाचे प्रवक्ते संध्याकाळच्या चर्चेत छाती काढून सांगतील की पाहा, आम्ही सरकारच्या तोंडचा घास काढला.

शंभराला कमी लेखू नका, असं मला एका अभ्यासू वाचकाने मागे कळवलं होतं. त्यांचं खरं आहे. इंग्लंडात जून 1895 मध्ये युद्धमंत्र्याच्या पगारातून शंभर पौंड कमी करावेत, अशी सूचना आली, मतदान झालं, 132 विरुद्ध 125 मतांनी ती मंजूर झाली आणि सरकारने राजीनामा दिला. सात मतांनी, शंभर पौंडांवर सरकार गेलं. वाचून मला क्षणभर भरून आलं. मग कारण वाचलं. सैन्याकडे दारूगोळ्याचा, म्हणजे कॉर्डाइटचा, साठा पुरेसा नाही, ही त्या विरोधकांची तक्रार होती. शंभराच्या कपातीने सरकार पडल्याचा जो दाखला मिळतो, तो असा बारूद कमी पडल्याचा.

तर आपल्या शंभर रुपयांचं पुढे काय झालं? विरोधी बाकांवरचे ज्येष्ठ नेते चाळीस मिनिटं बोलले. भाषण उत्तम होतं. त्यात बुद्ध आला, गांधी आले, अनाथ मुलं आली, एका शायराचा शेर आला आणि तो चुकीच्या शायराच्या नावावर आला. शेवटी नेत्यांचा कंठ दाटला. मग मंत्री उठले. 'सन्माननीय सदस्यांच्या भावनांची सरकारने नोंद घेतली आहे,' एवढंच म्हणाले आणि बसले. ज्येष्ठ नेते पुन्हा उभे राहिले. मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझी कपात सूचना मागे घेतो, असं त्यांनी जाहीर केलं.

शंभर रुपयेसुद्धा परत!

आश्वासन कसलं दिलं, हे त्यांना बाहेर पायऱ्यांवर एका पोरसवदा वार्ताहराने विचारलं. ते म्हणाले, भावनांची नोंद घेतली ना. कुठे नोंद घेतली, कुठल्या वहीत, कितव्या पानावर, हे विचारायच्या आत त्यांच्या हातात फलक देण्यात आला. फलक आधीच रंगवून आणलेला होता. 'युद्ध नको, बुद्ध हवा.' 'हवा'चा काना वाळला नव्हता, तो नेत्यांच्या पांढऱ्या झब्ब्याला लागला आणि फोटोत 'युद्ध नको, बुद्ध हव' असं आलं. पुढे जे झालं ते पायऱ्यांवरच झालं, कारण मागणी मतास टाकायच्या वेळी सगळा विरोधी पक्ष सभात्याग करून तिथेच उभा होता.

या सभात्यागाबद्दल माझं जुनं दुखणं आहे, ते आज काढतोच. जेवणावरून भांडून उठलेला माणूस निदान उपाशी राहतो. हे सभात्यागवाले नेमके मत देण्याच्या क्षणी उठतात आणि चहाच्या वेळेला परत येतात. ज्या एका मिनिटासाठी त्यांना निवडून दिलं, तेवढंच मिनिट ते बाहेर असतात. आत काय होतं? अध्यक्ष विचारतात, प्रस्तावाच्या बाजूचे 'होय' म्हणा, विरोधातले 'नाही' म्हणा. 'नाही' म्हणणारे पायऱ्यांवर 'नाही चलेगी' म्हणत असतात. 'होयचे बहुमत' एकदा, दोनदा, तीनदा. संपलं. बाहेरची घोषणा आत ऐकू येत नाही, दारं चांगल्या सागाची आहेत.

आणि आत कुणी एक जण बसला असता तर? आवाजी मतदानाचा कौल मान्य नाही, मतविभाजन घ्या, एवढं एका सदस्याने म्हणायचं असतं. आपल्याकडे मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटं वाजते, म्हणजे उपाहारगृहात बटाटेवडा खात बसलेल्यालाही तोंड पुसून जागेवर यायला वेळ मिळावा. मग दारं बंद. प्रत्येकाच्या बाकावर बटणं असतात: हिरवं होयचं, लाल नाहीचं, पिवळं तटस्थतेचं. कुणी कुठलं दाबलं ते नोंदलं जातं. भित्र्यांची सोय म्हणून पिवळंसुद्धा ठेवलंय हो नियम करणाऱ्यांनी! त्यांना माणसाची किती जाण होती. पण आमचे शूर पिवळ्यालाही हात लावत नाहीत, कारण पिवळ्याचीही नोंद होते.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागे देखभाल खर्चात महिना शंभर रुपये वाढवायचा विषय आला. हो, शंभरच. बहुमत वाढीच्या बाजूचं होतं, सगळ्यांना घरी जायचं होतं, खाली वाटायची भेळ मऊ पडत चालली होती. तळमजल्यावरचे काका उठले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी उठले. चष्मा कपाळावर, हातात गेल्या वर्षीच्या ताळेबंदाची झेरॉक्स, तिच्यावर लाल पेनाच्या खुणा. म्हणाले, "माझा विरोध आहे. नावासकट इतिवृत्तात नोंदवून घ्या." सचिव म्हणाले, काका, एकट्याच्या विरोधाने काय होणार? काका म्हणाले, "ठराव तुमचा होऊ दे हो. माझ्या नावावर नको व्हायला." आणि सचिव लिहून पूर्ण करेपर्यंत टेबलाशी उभे राहिले, वाचून घेतलं, नावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतला आणि मगच भेळ घेतली. पुढच्या महिन्यापासून शंभर रुपये जास्त भरताहेत, वेळेवर.

काकांना राष्ट्रीय राजकारणातलं काही कळत नाही, असं त्यांचा मुलगा म्हणतो. कळत नसावं. कळलं असतं तर ते बाहेर जिन्यात जाऊन घोषणा देत राहिले असते.

विरोधी पक्षाच्या गोटात या सगळ्याला 'परिपक्व भूमिका' म्हणतात. हिशेब सरळ आहे. युद्ध जिंकलं तर पुढच्या निवडणुकीत सांगायचं, आम्ही एक रुपयाही अडवला नाही. अंगलट आलं तर सांगायचं, आम्ही शंभर रुपये कमी करायला सांगितले होते. दोन्ही भाषणं तयार असतात, फक्त शेर बदलतो. सैन्याचं मनोधैर्य खचेल म्हणून मतदान टाळलं, हेही एक नेहमीचं. जसं काही खंदकात बसलेला जवान तोफा बाजूला ठेवून कपात सूचनांची यादी वाचत असतो! त्याचं मनोधैर्य खचतं ते ओल्या मोज्यांनी, घरून न आलेल्या फोनने आणि शेजारी बसलेला उद्या नसेल या विचाराने. त्याच्या नावावर तुमचा भित्रेपणा खपवू नका. आणि पलीकडच्या बाजूला ज्या गावावर रात्री काहीतरी पडतं, त्या गावाला तर तुमची परिपक्व भूमिका कळायलाही सकाळ उजाडावी लागते, ती काहींची उजाडत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. त्या युद्धाच्या खर्चाला मंजुरी देणारं सभागृह समुद्रापलीकडे होतं आणि अपशिंग्यातल्या कुणाला तिथे मत नव्हतं. शिवाय 1917 मध्ये इथल्या सरकारने त्याच युद्धासाठी ब्रिटनला दहा कोटी पौंड दिले, त्याला नाव दिलं देणगी. रक्त इथलं आणि पैसाही इथला. तेव्हा 'नाही' म्हणायला आपल्याकडे बटणच नव्हतं. आता आहे, बाकासमोर आहे, बोट पोचेल इतक्या जवळ आहे. तर यांना उन्हात पायऱ्यांवर उभं राहायचंय.

हेही लक्षात घ्या की आपल्या घटनेत, युद्धाला तोंड फोडण्याआधी सरकारने संसदेची परवानगी घ्यावी असं कलम नाही. पहिली गोळी सुटते तेव्हा सभागृहाला कुणी विचारत नाही. विचारावं लागतं ते पैशासाठी. खर्चाची मागणी मंजूर करणं, नाकारणं किंवा कमी करणं, एवढे अधिकार लोकसभेला आहेत, वाढवण्याचा नाही. म्हणजे घटनाकारांनी युद्धाच्या बाबतीत लोकप्रतिनिधीच्या हातात जे ठोस दिलं ते हेच, खर्चाच्या मागणीवरचं मत. युद्धविरोधाची बाकी सगळी कामं, उपोषण, मोर्चा, मेणबत्त्या, शेर, कुणीही करू शकतो. माझी मावशीही करते. मत फक्त त्यांनाच देता येतं, आणि नेमकं तेच ते देत नाहीत. कधी कधी तर एकेका मागणीवर वेगळं मत द्यायची वेळही येत नाही: चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एका झटक्यात मतास टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. त्या दिवशी विरोधकांच्या चेहऱ्यावर जे हसू असतं, ते पाहण्यासारखं असतं. बिचाऱ्यांचा सभात्यागही वाचतो.

माझ्याकडे त्या ज्येष्ठ नेत्यांच्या कार्यालयातून काल अधिवेशनाचा अहवाल आला आहे, गुळगुळीत कागदावर, आठ पानी, रंगीत. पान तीनवर फलकाचा फोटो आहे, 'हवा'चा काना संगणकावर दुरुस्त केलेला. पान चारवर शीर्षक: 'युद्धखोर सरकारला आम्ही सळो की पळो केले.' सरकार जागेवर आहे आणि युद्धही चालू आहे. पळाले ते कोण, हे पान पाचवर नाही.

अशी पुस्तिका तुमच्याकडेही येईल. आली की ती आणणाऱ्या कार्यकर्त्याला बसवा, पाणी द्या आणि भाषणाबद्दल काही विचारू नका, तो ते पाठ करून आलेला असतो. एवढंच विचारा की साहेबांनी बटण कुठलं दाबलं. आवाजी मतदानात कुणाचंही नाव नोंदलं जात नाही, मतविभाजनात प्रत्येकाचं नोंदलं जातं, आणि ते मागायला एक सदस्य पुरतो. शंभर रुपयेही लागत नाहीत.