बॉल रोलिंगमध्ये आहे

गडहिंग्लज हे फुटबॉलवेडं गाव. चेंडू नुसता घरंगळणं वेगळं आणि गोल होणं वेगळं, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. तरीही याच गावात 'बॉल रोलिंगवाले' सुखाने नांदतात. कचेरीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ते हमखास सापडतात. बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीतला सातबारा, कानाला मोबाईल, हातात दुसऱ्याने पाजलेला चहा. वारसनोंदीचं काय झालं विचारा. "सायबांच्या कानावर घातलंय. बॉल रोलिंगमधी हाय, तुम्ही घोर सोडा." गेल्या पावसाळ्यातही तो रोलिंगमध्येच होता, तेव्हा मैदानात चिखल होता, एवढंच.

त्यांना लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण थोडा दोष मराठीचाही आहे. काम अडलं की आपण विचारतो, घोडं कुठं पेंड खातंय? झालं की म्हणतो, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. इथे हिरण्यकेशीत न्हालं तरी चालतं. पण पेंडीपासून नदीपर्यंतच्या वाटेवर घोडं नेमकं काय करतं, यावर आपण गप्प. त्या रिकाम्या जागेत हा इंग्रजी चेंडू घुसला. कुणी म्हणेल, 'काम मार्गी लागलं' आहे की! आहे, पण मार्ग म्हटला की 'कुठवर आलं?' हा प्रश्न आलाच. चेंडूला ना वाट लागते ना मुक्काम. तो आउट गेला, आपल्याच गोलात शिरला, तरी रोलिंगमध्येच. १८४० च्या अमेरिकी निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या समर्थकांनी माणसाहून उंच चेंडू गावोगाव लोटत नेले, आणि हा वाक्प्रचार गाजला. हॅरिसन निवडून आले आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारले. म्हणजे चेंडू लोटण्यात आणि काम तडीस जाण्यात तेव्हाही बरंच अंतर होतं.

यावर खरा आक्षेप असा, की सुरुवात तरी कुणी करून द्यायची? कुठला अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला हेच गृहस्थ सांगतात. कबूल. पण किक-ऑफ होतो सामन्याच्या आरंभी, मध्यंतरानंतर आणि गोल झाल्यावर. हे गोल न करता रोज किक-ऑफ करतात, आणि दर किक-ऑफला एक चहा. म्हणून त्यांना 'काय झालं?' असं विचारूच नये. फुटबॉलच्या गावाला शोभेल असं विचारावं, "चेंडू आत्ता कुणाच्या पायात आहे?" टेबल सांगितलं, तर चहा खुशाल पाजावा. "बघूया की" म्हणाले, तर चेंडू अजून बगलेतल्या पिशवीतच आहे, असं समजावं.